‘सगळं धरून’ सांगितलेला अंदाज का फसतो? लहान स्वयंपाकघराच्या खर्चाचे निदान

आठ बाय नऊ फुटांचे स्वयंपाकघर मिस्त्री येऊन पाहून जातात, “ताई, सगळं धरून एक ऐंशीत होईल,” असे सांगतात, आपण दहा-वीस हजार इकडेतिकडे होतील असे मनाशी धरून चालतो, आणि काम संपते तेव्हा हिशेब दीडपटीवर गेलेला असतो. नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या इमारतीत गेल्या काही वर्षांत अशी अनेक कामे झाली आणि ठरलेल्या रकमेत पूर्ण झालेले एकही मला आठवत नाही. माझ्या स्वतःच्या घरी १,८०,००० रुपयांचा अंदाज २,७१,००० रुपयांवर गेला. दोन वर्षांनी सिडकोतील आईच्या घरी जवळपास तसेच काम निघाले, तेव्हा मात्र १,४०,००० रुपयांचा अंदाज १,४६,५०० रुपयांवर थांबला. दोन्ही ठिकाणी कारागीर वेगळे होते, परंतु पहिले लबाड आणि दुसरे प्रामाणिक होते असे मी म्हणणार नाही. पहिल्या वेळी मी अंदाज ऐकला होता आणि दुसऱ्या वेळी तो लिहून घेतला होता.

वाढलेले ९१,००० रुपये गेले कुठे

खर्च वाढला की घरात पहिला ठपका हौसेवर येतो आणि ती हौस बहुधा घरातल्या बाईची असते. हा ठपका मलाही ऐकावा लागला, म्हणून काम संपल्यावर एका रविवारी मी सगळ्या पावत्या घेऊन बसले आणि मूळ अंदाजाबाहेर गेलेला प्रत्येक रुपया कोणत्या कारणाने गेला ते वहीत मांडले. जुनी नळवाहिनी बदलणे आणि त्यासाठी भिंत फोडून पुन्हा प्लास्टर करणे यांत २४,००० रुपये गेले. विजेचे जादा पॉइंट आणि मुख्य बोर्डापासून ओढलेली नवी वायर यांना १७,००० रुपये लागले. ट्रॉल्यांच्या मापातील फरकाचे २१,००० रुपये झाले आणि त्याच ट्रॉल्यांच्या बिलावर १८ टक्के जीएसटीचे १२,२८५ रुपये वेगळे लागले. ग्रॅनाइटच्या कडेचे मोल्डिंग, सिंक व शेगडीसाठीचे कट आणि भिंतीलगतची पट्टी यांचे ८,००० रुपये, तर राडारोडा उचलणे आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत सामान चढवणे यांचे ६,५०० रुपये झाले. उरलेले २,२१५ रुपये स्क्रू, सिलिकॉन आणि चहा यांत विरले.

या यादीत महागड्या टाइल्स नाहीत आणि परदेशी नळही नाही. खऱ्या अर्थाने आधी न दिसणारा खर्च फक्त २४,००० रुपयांचा आहे आणि उरलेले ६७,००० रुपये पहिल्याच दिवशी कागदावर येऊ शकले असते. अर्थात तसे झाले असते तर अंदाज १,८०,००० ऐवजी सुमारे २,४७,००० रुपयांचा निघाला असता आणि कदाचित आम्ही ते काम त्या वर्षी सुरूच केले नसते. ‘सगळं धरून’ हा शब्दप्रयोग टिकून राहण्याचे खरे कारण मला इथेच दिसते, कारण लहान आकडा सांगणाऱ्याला जितका हवा असतो तितकाच ऐकणाऱ्यालाही हवा असतो.

मापाचा घोटाळा: कोपरा दोनदा मोजला जातो

सर्वाधिक गैरसमज दरात होत नाहीत, ते मापात होतात, म्हणून हा भाग थोडा सविस्तर सांगते. आमचा ओटा इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचा आहे. त्याची एक बाजू भिंतीलगत आठ फूट, दुसरी पाच फूट आणि रुंदी दोन फूट आहे. भिंतीलगत मोजले तर लांबी तेरा फूट भरते. मात्र आपण उभे राहतो त्या बाजूने मोजले तर कोपऱ्यातील दोन-दोन फूट दोन्ही बाजूंनी वजा होऊन सहा अधिक तीन, म्हणजे नऊच फूट उरते. ओट्याखालची उंची अडीच फूट धरली तर ट्रॉल्यांचे क्षेत्रफळ एका पद्धतीने साडेबत्तीस चौरस फूट आणि दुसऱ्या पद्धतीने साडेबावीस चौरस फूट येते. दर होता २,१०० रुपये चौरस फूट. दहा चौरस फुटांचा फरक म्हणजे २१,००० रुपये, आणि तो दरात एका रुपयाचीही वाढ न होता पडलेला आहे.

यात फसवणूक झाली असे मी तेव्हा मानत होते, आता मानत नाही. कोपऱ्याच्या कप्प्यालाही सामान आणि मजुरी लागते, त्यामुळे भिंतीलगत मोजण्याची पद्धत अगदीच निराधार नाही. मात्र दोन कारागिरांचे दर शेजारी ठेवून स्वस्त कोण ते ठरवताना दोघे कुठून कुठपर्यंत मोजतात हे विचारलेच नाही, तर ती तुलना निरर्थक ठरते, कारण नऊ फूट मोजणाऱ्याचा २,५०० रुपयांचा दर तेरा फूट मोजणाऱ्याच्या २,१०० रुपयांच्या दरापेक्षा स्वस्त पडतो. ग्रॅनाइटचेही तेच आहे. आमच्या ओट्याचे खरे क्षेत्रफळ आठ गुणिले दोन अधिक तीन गुणिले दोन, म्हणजे बावीस चौरस फूट आहे, परंतु तेरा गुणिले दोन असे मांडले की ते सव्वीस होते. याशिवाय दगड कापताना वाया जाणारा भाग कोणाच्या खात्यावर, मोल्डिंग धावत्या फुटाने (लांबीच्या प्रत्येक फुटामागे) की दरातच, आणि सिंकचा कट धरला आहे का, हे तीन प्रश्न दगड निवडण्यापूर्वी विचारावेत. दुकानात चकाकणारा दगड पाहताना हे प्रश्न हमखास विसरतात, म्हणून ते चिठ्ठीवर लिहून न्यावेत.

प्लायवुडच्या बाबतीत ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर थांबू नये. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडचे आणि आयएस ७१० हे मरीन प्लायवुडचे भारतीय मानक आहे. सिंकखालच्या कप्प्यासाठी दुसरे मागावे आणि तो क्रमांक अंदाजपत्रकात लिहून घ्यावा. सगळ्याच शटरना मरीन प्लाय लावण्याचा आग्रह मात्र मला अनाठायी वाटतो, कारण पाण्याचा संबंध मुख्यतः सिंकपाशीच येतो.

भिंतीच्या आत काय आहे ते आधी पाहावे

न दिसणारा खर्च पूर्णपणे टाळता येत नाही, पण त्याचा वास आधी घेता येतो. आईच्या घरी आम्ही अंदाज मागवण्यापूर्वी दोन दिवस फक्त तपासणीत घालवले. सकाळी पहिला नळ सोडल्यावर काही क्षण तांबूस पाणी येत होते, म्हणजे आतली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) वाहिनी गंजलेली होती आणि ती बदलावी लागणार हे ठरूनच गेले. नाण्याने टाइल्स ठोकून पाहिल्यावर जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने खुणा केल्या, आणि ओट्याखालच्या कोणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यातील एक टाइल काढून आतले प्लास्टर बोटाने खरवडून पाहिले. सिंक काठोकाठ भरून बूच एकदम काढले तेव्हा पाणी गुळगुळ आवाज करत थांबून थांबून उतरले, यावरून निचऱ्याची वाहिनी अरुंद झाल्याचे समजले. ज्यांचे घर वरच्या मजल्यावर आहे त्यांनी खालच्या घरात जाऊन त्यांच्या छतावर ओलीचा डाग आहे का तेही पाहावे. संकोच वाटतो, पण काम सुरू झाल्यावर त्यांनीच वर येण्यापेक्षा आपण आधी गेलेले बरे.

भिंतींचा कोपरा काटकोनात आहे का हेही याच वेळी पाहून घ्यावे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधील अंतर बरोबर पाच फूट भरले तर कोपरा काटकोनात आहे. जुन्या घरांत ते क्वचितच भरते, आणि मग चौकोनी ट्रॉली व तिरकी भिंत यांच्यामध्ये पट्टी मारावी लागते. तिचे पैसे नंतर मागितले गेले की वाद होतो, म्हणून तिचा उल्लेख आधीच असावा.

आईला हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधील भिंतीत मोठी खिडकी हवी होती. बोलावलेल्या अभियंत्यांनी ती भिंत वरचा भार घेत असल्याचे सांगितले आणि तो विचार तिथेच संपला. भार घेणारी भिंत, तुळई किंवा खांब यांत झिरी (वाहिनी किंवा वायर बसवण्यासाठीची खाच) मारण्याचीही परवानगी कोणत्याही गवंड्याच्या शब्दावर देऊ नये.

सिंक हलवण्याचा मोह

नव्या आराखड्यात सिंक खिडकीखाली किंवा दुसऱ्या भिंतीला नेण्याची कल्पना बहुतेकांना सुचते. कागदावर ती एका रेषेची बाब असते, पण प्रत्यक्षात पाण्याला उतार द्यावा लागतो. सांडपाण्याच्या लहान वाहिनीला साधारण चाळीसास एक असा उतार धरतात, म्हणजे सिंक सहा फूट दूर नेले तर वाहिनीला वाटेत जवळपास पावणेदोन इंच खाली उतरावे लागते. ही उंची मिळवण्यासाठी एकतर जमीन फोडावी लागते किंवा ती वर घ्यावी लागते, आणि दोन्हींत जलरोधकाचे काम नव्याने करावे लागते. बजेट लहान असेल तर सिंक आणि निचरा जिथे आहेत तिथेच ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढ्या पैशांत ट्रॉल्या सरकवणारे चांगले चॅनेल आणि बिजागऱ्या येतात, आणि त्यांच्याशी आपला संबंध दिवसातून पन्नास वेळा येतो.

विजेचे पॉइंट मोजण्याची रीत

माझ्या घरी अंदाजात सहा पॉइंट होते आणि शेवटी अकरा झाले. वाढलेले पाचही पॉइंट गरजेचेच होते, फक्त ते भिंत बंद झाल्यावर आठवले. आईच्या घरी आम्ही सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत कोणते उपकरण कुठे उभे राहून आणि कशाच्या जोडीने चालते ते लिहिले, आणि पॉइंट त्या यादीवरून ठरवले. मिक्सर साधारण ७५० वॉट घेतो, मायक्रोवेव्ह हजाराच्या पुढे जातो आणि इंडक्शन शेगडी सुमारे २,००० वॉट घेते. सोळा अँपिअरच्या एका सॉकेटवर २३० व्होल्टला जास्तीत जास्त ३,६८० वॉट चालू शकतात, त्यामुळे इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि मिक्सर एकाच वायरवर टाकणे म्हणजे रोजची कटकट ओढवून घेणे होय. दिव्यांसाठी दीड, सोळा अँपिअरच्या सॉकेटसाठी अडीच आणि जास्त भारासाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर अशी विभागणी वायरमनकडून लिहून घ्यावी. वीजबिलावरील मंजूर भारही पाहून ठेवावा. अर्थिंगची तपासणी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हा खर्च काटकसरीतून वगळण्यासारखा नाही.

चिमणीचा पॉइंट आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळीचे भोक यांची जागा टाइल्स लावण्यापूर्वीच ठरली पाहिजे. चिमणी शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर उंचीवर बसते, आणि तिच्या नळीला जितकी वळणे जास्त तितकी तिची ओढ कमी होते. गॅसचे सिलिंडर ओट्याखालीच राहणार असेल तर त्या कप्प्याच्या शटरला खालच्या बाजूस जाळी हवी, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो.

ट्रॉल्या भांड्यांवरून ठरवाव्यात

आमच्या घरी नऊ ट्रॉल्या झाल्या आणि त्यांतील दोन आजही अर्ध्या रिकाम्या आहेत, तर आजीने भांडी बाजारातून घेतलेली पितळी परात मात्र कशातच मावत नाही. दुकानातील नमुना पाहून ट्रॉल्यांची संख्या ठरवली की असे होते. आईच्या घरी सगळी भांडी जमिनीवर मांडून रोजची, आठवड्याची आणि सणासुदीची असे तीन ढीग केले. रोजच्या ढिगातील सर्वांत उंच कुकर आणि सर्वांत रुंद पातेले यांची मापे घेतली, आणि सहा ट्रॉल्यांत काम भागले. सणासुदीची भांडी माळ्यावर गेली. जुन्या ओट्याखालचे कडप्पे धड होते, तेही काढून टाकण्याऐवजी त्यांच्यामध्येच ट्रॉल्या बसवल्याने नव्या प्लायवुडच्या पेट्यांचा खर्च वाचला. दिसायला तो ओटा मासिकातल्यासारखा नाही, आणि आईला त्याचे काहीही वाटत नाही.

अंदाजपत्रक कसे लिहून घ्यावे

प्रत्येक कामासमोर माप, मोजण्याची पद्धत, दर, रक्कम आणि सामान कोणाचे, एवढे रकाने असलेला एकच कोरा तक्ता आपण स्वतः तयार करावा आणि दोन-तीन कारागिरांना तोच भरायला द्यावा, कारण प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने दिलेले कागद शेजारी ठेवून काहीच कळत नाही. तोडफोड, राडारोडा, हमाली, टाइल्समधील तूट आणि जीएसटी या ओळी तक्त्यात आधीच छापलेल्या असाव्यात, म्हणजे ती जागा रिकामी सोडताना समोरच्याला उत्तर द्यावे लागते. टाइल्स मोजणीपेक्षा दहा टक्के जास्त आणि एकाच बॅचच्या घ्याव्यात, कारण महिन्याभराने तोच क्रमांक दुसऱ्या छटेत येतो. राडारोडा नेणारा तो कुठे टाकणार हेही विचारावे. नासर्डी नदीच्या काठावर रात्रीत पडणारे ढीग अशाच घरांतून गेलेले असतात.

एकूण रकमेच्या दहा टक्के राखीव ठेवावेत, परंतु ते फक्त भिंतीच्या आत निघणाऱ्या गोष्टींसाठी वापरावेत. चांगला नळ आवडला म्हणून ते पैसे वळवले की आठवड्याभरात वाहिनी फुटल्याचे कळते. आईच्या कामात १४,००० रुपये राखीव होते आणि त्यांतील ६,५०० रुपये निचऱ्याच्या वाहिनीवर गेले. पंधरा-वीस दिवसांच्या डब्याचा खर्च मात्र या हिशेबात न धरता घरखर्चात वेगळा धरावा.

क्रम चुकला की तेच काम दोनदा होते

आधी तोडफोड, मग वाहिन्या आणि वायरची झिरी, मग नळ बंद करून वाहिन्यांची दाबाखाली तपासणी, त्यानंतर प्लास्टर, जलरोधक, फरशी, ओटा, भिंतीच्या टाइल्स आणि सर्वांत शेवटी ट्रॉल्या व चिमणी असा क्रम असतो. ट्रॉलीवाले घाई करून ओटा होण्यापूर्वीच मापे घेऊ पाहतात. टाइल आणि तिच्यामागचा मसाला मिळून एखादा इंच सहज खातात, आणि मग कोपऱ्यातील ट्रॉली दाराच्या चौकटीला घासते. अंतिम मापे टाइल्स लागल्यावरच घ्यायची, असे तक्त्याच्या खाली एक वाक्य लिहून घ्यावे.

सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस पाणी मारावे लागते. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात प्लास्टर दुपारपर्यंत कोरडे पडते, म्हणून त्या दिवसांत हे पाणी कोण मारणार ते ठरवून ठेवावे. पावसाळ्यात उलट अडचण येते, कारण भिंती वाळत नाहीत आणि लाकूड फुगते. दिवाळीपूर्वीच्या महिन्यात कारागीर मिळणे कठीण असते, तर पितृपक्षात अनेक जण नवे काम काढत नसल्याने ते मोकळे असतात. आम्ही आईचे तपासणीचे आणि मोजणीचे काम त्याच पंधरवड्यात उरकले आणि नवरात्रात तोडफोड सुरू केली. आईनेच तसा तोडगा काढला होता.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. आगाऊ रक्कम पाव हिश्शापेक्षा जास्त नसावी, आणि शेवटचे दहा टक्के रोजच्या वापराला पंधरा दिवस झाल्यावर द्यावेत. या पंधरा दिवसांत सिंकखालचा कप्पा रोज रात्री कोरड्या हाताने चाचपून पाहावा, ट्रॉल्या भरलेल्या अवस्थेत ओढून पाहाव्यात आणि मिक्सर चालू असताना दिवे मंदावतात का ते पाहावे. आणखी एक गोष्ट प्लास्टर होण्यापूर्वीच करावी लागते. उघड्या झिरीत वाहिन्या आणि वायर दिसत असताना प्रत्येक भिंतीचे, शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र काढावे. आईच्या घरी चिमणी बसवायला आलेल्या मुलाने ड्रिल टेकवले होते त्या जागेपासून दोन इंचांवर पाण्याची वाहिनी जात असल्याचे आम्हाला त्या छायाचित्रावरूनच कळले, आणि भोक चार इंच डावीकडे घेतले गेले.